सूत उत्तरेचं, कापूस दक्षिणेचा: अमेरिकेतल्या गिरण्या, गुलामी आणि सुधारक

प्रॉव्हिडन्स हे अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यातलं बंदर. तिथे ब्राउन नावाच्या चार भावांची व्यापारी पेढी होती. १७६४ मध्ये या पेढीनं ‘सॅली’ नावाचं जहाज गुलाम आणायला आफ्रिकेच्या किनाऱ्यावर धाडलं. जहाजावर चढवलेल्या १९६ माणसांपैकी किमान १०९ दगावली. चौघांतला सगळ्यात धाकटा मोझेस पुढे या धंद्यातून बाहेर पडला. १७७३ मध्ये त्यानं आपल्या घरचे गुलाम मुक्त केले, तो क्वेकर या ख्रिस्ती पंथात गेला आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्ध उघड मोहीम चालवू लागला. त्याचा थोरला भाऊ जॉन मात्र या व्यापाराची चारचौघांत तरफदारी करत राहिला. (१८५९ मध्ये गुलामी मोडायला हार्पर्स फेरीच्या सरकारी शस्त्रागारावर हल्ला करून फासावर गेलेला जॉन ब्राउन तो वेगळा.) १७९७ मध्ये या जॉनवर बेकायदा गुलामव्यापाराचा खटला उभा राहिला, त्यामागे जोर होता तो मोझेसच्या गुलामीविरोधी संस्थेचा.

याच मोझेसनं १७९० मध्ये सॅम्युएल स्लेटर नावाच्या इंग्रज तरुणाला हाताशी धरलं. सूतकताईच्या यंत्रांचे आराखडे आणि कसबी कारागीर देशाबाहेर जाऊ द्यायचे नाहीत, असा इंग्लंडचा कायदा होता. स्लेटर तिथली उमेदवारी संपवून, सगळी यंत्ररचना डोक्यात साठवून अमेरिकेत उतरला होता. मोझेसचं भांडवल आणि स्लेटरचं कसब यांच्या जोरावर पॉटकेट गावात नदीच्या पाण्यावर चालणारी सूतगिरणी उभी राहिली. पहिले कामगार होते सात ते बारा वर्षांची नऊ पोरं. कापूस सुरुवातीला कॅरिबियनकडून यायचा, नंतर जॉर्जिया आणि कॅरोलिनातून. दोन्हीकडे तो वेचणारे गुलामच होते.

मोझेसला ढोंगी म्हणून मोकळं होता येईल, पण मला तो ढोंगी वाटत नाही. माणूस प्रामाणिक होता. पेच त्याच्या स्वभावात नव्हता, त्यानं उभ्या केलेल्या धंद्यात होता. पुढची ७० वर्षं अमेरिका याच पेचात अडकलेली दिसते.

यंत्रं आली की गुलामी आपोआप मागे पडते, असा आपला एक समज असतो. वाफ, कारखाना, पगार हे नव्या जगाचं, साखळदंड आणि चाबूक हे जुन्या जगाचं, अशी वाटणी आपण मनात करून ठेवतो. अमेरिकेत घडलं ते उलटं. १७९० मध्ये तिथे सुमारे ७ लाख गुलाम होते. १८६० मध्ये, म्हणजे ऐन यंत्रयुगात, ती संख्या जवळजवळ ४० लाखांवर गेली.

याची सुरुवात सरकीपासून होते. कापसाची लांब धाग्याची जात होती, तिची सरकी गुळगुळीत, चटकन सुटणारी. आपल्या चरकीसारख्या दोन लाटांच्या यंत्रावर ती सहज निघायची. पण ही जात फक्त समुद्रकाठच्या पट्ट्यात आणि बेटांवर यायची. आतल्या मुलखात येणारा कापूस आखूड धाग्याचा, आणि त्याची हिरवट सरकी धाग्याला घट्ट चिकटलेली. हातानं सोलायला बसलं तर एका माणसाचा दिवस जेमतेम पौंडभर रुईत जायचा. १७९३ मध्ये एली व्हिटनी या तरुणानं जॉर्जियातल्या एका मळ्यावर राहून यंत्र बनवलं: फिरत्या रुळावर तारेचे दाते, समोर अरुंद फटींची जाळी. दाते धागा ओढून पलीकडे नेतात, सरकी फटीतून जात नाही, ती अलीकडेच पडते. लहानसं हातयंत्रही दिवसाला ५० पौंड रुई काढू लागलं. पुढे आलेल्या करवतीच्या जिनचा मूळ पुरुष हाच.

आता यंत्रानं माणसाचं काम वाचवलं, तर माणसं कमी लागायला हवीत. पण वाचलं ते फक्त सरकी काढण्याचं काम. नांगरणी, खुरपणी आणि बोंडं वेचणं हे सगळं हातानंच होत राहिलं. अडलेला बोळा निघाल्यावर मागून हवा तेवढा कापूस खपणार होता, कारण इंग्लंडच्या गिरण्या आ वासून बसल्या होत्या. त्यामुळे मळेवाल्याचा हिशोब सरळ होता: आणखी जमीन, आणखी गुलाम. १७९० मध्ये अमेरिकेत कापसाच्या जेमतेम तीनेक हजार गाठी निघायच्या. १८६० च्या सुमाराला तो आकडा ४० लाखांच्या घरात होता.

जमीन आली ती मूळ रहिवाशांकडून हिसकावून. १८३० मध्ये काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, कायदा करून चोक्टॉ, क्रीक, चिकसॉ, चेरोकी अशा जमातींना मिसिसिपी नदीच्या पलीकडे हाकलायची सोय केली. चेरोकींना १८३८-३९ च्या हिवाळ्यात सैनिकांच्या पहाऱ्यात चालवत नेलं, त्यात सुमारे चार हजार जण वाटेत आणि छावण्यांमध्ये मेले असं मानलं जातं. रिकाम्या केलेल्या त्या काळ्याभोर जमिनीवर अलाबामा आणि मिसिसिपीचे कापसाचे मळे पसरले.

गुलाम कुठून आणायचे हा प्रश्न जरा वेगळ्या तऱ्हेनं सुटला. १ जानेवारी १८०८ पासून परदेशातून गुलाम आणायला कायद्यानं बंदी झाली. ऐकायला हा सुधारणेचा टप्पा वाटतो, आणि काही अंशी होताही. पण देशातल्या देशात विक्रीला बंदी नव्हती. व्हर्जिनिया-मेरिलंडकडे तंबाखूनं जमिनी थकल्या होत्या, तिथल्या मालकांकडे गुलाम जास्त आणि काम कमी. परदेशी माल बंद झाल्यानं त्यांच्या हातातल्या माणसांचा भाव उलट वाढला. त्यांनी माणसं विकायला काढली. १८६१ च्या गृहयुद्धापर्यंत सुमारे १० लाख गुलाम असे उत्तरेकडच्या जुन्या गुलामराज्यांतून खोल दक्षिणेत गेले: काही मालकांबरोबर, बरेचसे दलालांच्या हाती, साखळीनं जोडलेल्या रांगांतून शेकडो मैल पायी किंवा बोटीतून न्यू ऑर्लिन्सच्या बाजाराला. एका घरातला नवरा इकडे, बायको तिकडे, पोरं तिसरीकडे. गुलामाच्या लग्नाला कायदा ओळखतच नव्हता, त्यामुळे दलालाच्या वहीत कुटुंब नावाची चीज नसायची.

मळ्यावरच्या कामाची पद्धत मात्र कुठल्याही कारखानदारानं शिकावी अशी काटेकोर होती. वेचणीच्या हंगामात रोज संध्याकाळी प्रत्येकाची टोपली काट्यावर चढायची, वजन वहीत लिहिलं जायचं. न्यूयॉर्क राज्यातला स्वतंत्र माणूस सॉलोमन नॉर्थप याला १८४१ मध्ये फसवून पळवून लुइझियानात विकलं होतं. बारा वर्षांनी सुटल्यावर त्यानं सांगितलं की तिथे दिवसाची वेचणी साधारण २०० पौंड धरली जायची आणि वजन कमी भरलं की फटके. जास्त भरलं तरी धसकाच, कारण उद्यापासून तेवढंच मागणार. १८०० ते १८६० या काळात माणशी वेचणी जवळपास चौपट झाली. ती मेक्सिकोकडून आलेल्या, मोठ्या बोंडांच्या नव्या वाणामुळे की चाबकाच्या धाकामुळे, यावर इतिहासकारांत अजून जुंपलेली असते. माझ्या मते दोन्ही कारणं एकमेकांना धरून आहेत. बोंड मोठं झालं म्हणून वेचणं सोपं झालं हे खरं, पण सोप्या झालेल्या कामाचा फायदा वेचणाऱ्याला विश्रांतीच्या रूपानं का मिळाला नाही, याचं उत्तर बियाण्यात सापडत नाही.

आणि पैसा? मळेवाल्याची मालमत्ता म्हणजे जमीन आणि माणसं, तेव्हा तारणही तेच. लुइझियानात १८२० च्या दशकाअखेर मळेवाल्यांनी स्वतःची बँक काढली. तिची कर्जं जमीन आणि गुलाम यांच्या गहाणावर होती, तिच्या रोख्यांना राज्य सरकारची हमी होती आणि ते रोखे लंडनच्या बेरिंग ब्रदर्स या पेढीनं युरोपात खपवले. ज्या गुंतवणूकदाराला गुलामी स्वप्नातही नको होती, त्याच्या व्याजातही ती अशी येऊन बसली.

आता उत्तरेकडे. तिथल्या राज्यांनी गुलामी हळूहळू बंद केली होती. पेनसिल्व्हेनियाचा कायदा १७८० चा, न्यूयॉर्कमधले शेवटचे गुलाम सुटले ४ जुलै १८२७ ला. बोस्टनचा व्यापारी फ्रान्सिस कॅबट लोवेल इंग्लंडला जाऊन मँचेस्टरचे यंत्रमाग डोळ्यांत साठवून आला, आणि १८१४ पर्यंत बोस्टनजवळच्या वॉलथॅमला त्यानं अशी गिरणी सुरू केली की जिच्यात एका बाजूनं कापूस आत जायचा आणि दुसऱ्या बाजूनं विणलेलं कापड बाहेर पडायचं. तो १८१७ मध्ये वारला. त्याच्या भागीदारांनी मेरिमॅक नदीच्या धबधब्याशी अख्खं गिरणगाव वसवलं आणि त्याला लोवेल हे त्याचंच नाव दिलं.

लोवेलची खासियत म्हणजे तिथले कामगार. मँचेस्टरची घाण आणि दारिद्र्य इथे नको, असं मालकांनी ठरवलं होतं. त्यांनी आसपासच्या खेड्यांतल्या शेतकऱ्यांच्या तरुण, अविवाहित मुली आणल्या. कंपनीच्या खाणावळवजा वसतिगृहात राहायचं, रात्री ठरल्या वेळी दार बंद, रविवारी चर्च सक्तीचं. मजुरी रोख मिळायची आणि ती त्या मुलीच्या हातात पडायची. त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती. मुलींनी वाचनालयं वापरली, व्याख्यानं ऐकली, स्वतःचं मासिक चालवलं. कुणी भावाच्या शिक्षणाला पैसे पाठवले, कुणी स्वतःच्या हुंड्यासाठी साठवले. चार्ल्स डिकन्स १८४२ मध्ये येऊन हे सगळं पाहून खूश होऊन गेला.

पण दिवस बारा-तेरा तासांचा होता. पहाटे घंटा, मग मागांचा कान बधिर करणारा खडखडाट आणि हवेत तरंगणारा तंतू. धागा तुटू नये म्हणून खिडक्या बंद ठेवून हवा दमट राखायची. मुंबईच्या साचाखात्यात उभ्या राहिलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. १८३४ मध्ये मजुरीत कपातीची पाटी लागली तेव्हा आठशेच्या आसपास मुली काम सोडून रस्त्यावर आल्या. १८३६ मध्ये वसतिगृहाचं भाडं वाढलं तेव्हा दीड हजाराहून जास्त. त्या मिरवणुकीत त्या गात होत्या की आम्ही गुलाम होणार नाही.

या ओळीपाशी मी नेहमी थबकतो. हातात गुलामानं वेचलेला कापूस, आणि तोंडी आम्ही गुलाम नव्हे. त्या मुलींना हे कळत नव्हतं असं नाही. लोवेलमधल्या बायकांनी गुलामीविरुद्धच्या अर्जांवर सह्या केल्या, तिथे त्यांची संघटनाही होती. पण गुलाम या शब्दात त्यांना स्वतःची भीती दिसत होती: आज मजुरी कापली, उद्या माणूस म्हणून पत जाईल. दक्षिणेतले मळेवाले ही भीती ओळखून होते. ते म्हणायचे, तुमचे गिरणी कामगार आमच्या गुलामांपेक्षा कुठे सुखी आहेत? हा युक्तिवाद लबाडीचा होता. गिरणीतली मुलगी राग आला तर सामान बांधून गावी जाऊ शकत होती, आणि तिचं मूल विकायचा अधिकार कुणालाही नव्हता.

कापूस उत्तरेला यायचा तसं कापड दक्षिणेला जायचंही. गुलामांना वर्षाकाठी मोजून कापड दिलं जायचं, जाडंभरडं, टिकाऊ आणि स्वस्त. ते विणणं हा न्यू इंग्लंडचा, म्हणजे ईशान्येकडच्या राज्यांचा, विशेषतः ऱ्होड आयलंडचा, वेगळा धंदाच झाला. तिथल्या पीस डेलचा गिरणीमालक रोलंड हॅझर्ड हे कापड विकायला हिवाळ्यात न्यू ऑर्लिन्सला जायचा. १८४१ च्या सुमाराला त्याला कळलं की उत्तरेतले बरेच स्वतंत्र काळे लोक पळालेले गुलाम समजून तिथल्या तुरुंगात डांबलेत आणि बेड्या घालून रस्त्यावर राबवले जाताहेत. त्यानं पदरमोड करून, धोका पत्करून त्यातल्या अनेकांना सोडवलं. कापडाचा धंदाही चालू राहिला. १८४८ मध्ये चार्ल्स समनर या मॅसॅच्युसेट्सच्या गुलामीविरोधी पुढाऱ्यानं भर सभेत या नात्याला नाव दिलं: चाबकाचे धनी आणि मागाचे धनी यांची अमंगळ युती. बोस्टनच्या बड्या घरांना ते झोंबलं.

मग सुधारकांची लाट नेमकी कुठून आली? एक धागा धर्माचा. आधीच्या कडव्या मतानुसार कुणाचा उद्धार होणार हे देवानं आधीच ठरवलेलं. १८२० आणि ३० च्या दशकांत चार्ल्स फिनीसारखे प्रवचनकार सांगू लागले की पाप सोडणं तुमच्या हातात आहे, आत्ता, या क्षणी. दुसरा धागा कालव्याचा. १८२५ मध्ये पूर्ण झालेल्या ३६३ मैलांच्या ईरी कालव्यानं न्यूयॉर्क राज्यातली खेडी बघता बघता शहरं केली. घरापासून तुटलेली तरुण माणसं, नवे मालक, नवे मजूर, बेसुमार दारू. फिनीची सगळ्यात गाजलेली प्रवचनं १८३०-३१ च्या हिवाळ्यात झाली ती या कालव्यावरच्या रॉचेस्टरमध्ये. तिसरा धागा वाफेवर चालणाऱ्या छापखान्याचा. छपाई स्वस्त झाली आणि मत घरोघर पोचवता येऊ लागलं.

या लाटेत बरंच काही होतं. दारूबंदीवाले सगळ्यात फोफावले आणि गिरणीमालकांना ते आवडलेही, कारण सोमवारी शुद्धीवर असलेला कामगार सगळ्यांनाच हवा असतो. होरेस मान यांनी १८३७ पासून मॅसॅच्युसेट्समध्ये सरकारी शाळांची घडी बसवली. डोरोथिया डिक्स यांनी तुरुंगात डांबलेल्या वेड्यांची दैना उघड केली. अशा सुधारणांना मोठ्या घरच्या देणग्या मिळायच्या. कापसाशी खेटायची वेळ आली की हात आखडायचे.

गुलामी ताबडतोब बंद करा, असं म्हणणारे म्हणून थोडेच होते, आणि त्यांच्यात पहिला खणखणीत आवाज काळ्या माणसाचा होता. डेव्हिड वॉकर हा बोस्टनमध्ये जुने कपडे विकायचा. १८२९ मध्ये त्यानं काळ्या लोकांना उद्देशून जळजळीत पत्रक छापलं आणि खलाशांमार्फत ते दक्षिणेत पोचवलं. दक्षिणेची झोप उडाली. १ जानेवारी १८३१ ला विल्यम लॉइड गॅरिसननं बोस्टनमध्ये आपलं गुलामीविरोधी साप्ताहिक सुरू केलं. त्याच ऑगस्टमध्ये व्हर्जिनियात नॅट टर्नर या गुलामाचा उठाव झाला, आणि मळेवाल्यांनी दोन्हींचा संबंध जोडला. १८३५ मध्ये चळवळीनं टपालानं दहा लाखांवर पत्रकं पाठवली. चार्ल्सटनला जमावानं टपाल फोडून त्यांची होळी केली. त्याच वर्षी ऑक्टोबरात बोस्टनमध्ये गॅरिसनला दोर बांधून रस्त्यातून ओढलं. त्या जमावात गुंडांपेक्षा अब्रूदार व्यापारी जास्त होते, हे ध्यानात ठेवण्यासारखं.

चळवळीचं अंगमेहनतीचं काम बायकांनी केलं. मत नव्हतं, पण अर्ज करायचा हक्क होता. त्या दारोदार सह्या गोळा करत फिरल्या. अर्जांचे ढीग पाहून काँग्रेसनं १८३६ मध्ये ठराव केला की हे अर्ज चर्चेला घ्यायचेच नाहीत. १८४४ पर्यंत ती तोंडबंदी टिकली, आणि ज्यांना गुलामांशी घेणं-देणं नव्हतं त्यांनाही आपला हक्क गेल्याचं जाणवू लागलं. चार्ल्सटनच्या गुलाममालकाच्या लेकी अँजेलिना आणि सारा ग्रिम्के उत्तरेत येऊन भाषणं करू लागल्या, तेव्हा बायकांनी पुरुषांसमोर बोलावंच का, यावर पाद्री तुटून पडले. १८४० मध्ये लंडनच्या गुलामीविरोधी परिषदेत बायकांना प्रतिनिधी म्हणून बसू दिलं नाही. तिथे भेटलेल्या लुक्रिशिया मॉट आणि एलिझाबेथ केडी स्टँटन यांनी पुढे १८४८ मध्ये सेनेका फॉल्सला स्त्रीहक्कांची परिषद भरवली.

मॉटसारखे काही क्वेकर गुलामांनी पिकवलेली साखर आणि कापूस वापरायचाच नाही, असं व्रत पाळत. त्यांची वेगळी दुकानं होती. माल महाग, कापड ओबडधोबड, गिऱ्हाईक मूठभर. ही वाट बाजाराला हलवू शकली नाही, पण दुखणं नेमकं कुठे आहे ते या लोकांनी ओळखलं होतं. भारताचा कापूस गुलामांच्या कापसाला पर्याय ठरेल, असा तर्कही निघाला. अमेरिकेत सभा घेताना मार खाता खाता वाचलेला इंग्रज वक्ता जॉर्ज थॉम्पसन याच विचारातून भारताच्या प्रश्नांकडे वळला आणि १८४२-४३ च्या सुमाराला द्वारकानाथ टागोरांबरोबर कलकत्त्याला आला.

महाराष्ट्रात ही लाट मिशनऱ्यांच्या हातून पोचली. न्यू इंग्लंडच्या ‘अमेरिकन बोर्ड’ या मिशनरी संस्थेचे लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले होते. १८२७ मध्ये न्यू हॅम्पशायरची सिंथिया फरार आली आणि पुढे अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवू लागली. १८४८ मध्ये जोतीराव फुल्यांनी त्या शाळा पाहिल्या आणि पुण्यात स्वतःची शाळा काढली. याच अमेरिकन बोर्डावर मायदेशी टीका चालू होती, की गुलाममालकांच्या देणग्या घेता आणि गुलाम ठेवणाऱ्यांना चर्चमध्ये सामावून घेता. त्यावरून १८४६ मध्ये वेगळी मिशनरी संस्थाही निघाली. फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, ती गुलामांना मुक्त करण्याच्या त्यांच्या कामाबद्दल. ते लोक कुणाच्या विरोधात उभे होते ते वर आलंच आहे: दक्षिणेच्या मळेवाल्यांच्या, आणि तितक्याच स्वतःच्या शहरातल्या सावकारांच्या.

लोवेलच्या मुलींचं काय झालं? सारा बॅग्लीच्या पुढाकारानं त्यांनी दहा तासांच्या दिवसाची मागणी लावून धरली. १८४५ मध्ये दोन हजारांवर सह्यांचे अर्ज गेले, राज्याच्या विधिमंडळाच्या समितीनं साक्षी घेतल्या आणि यात कायद्यानं पडायचं कारण नाही असा निर्णय दिला. हळूहळू शेतकऱ्यांच्या मुली गिरणी सोडून गेल्या, त्यांच्या जागी दुष्काळातून पळून आलेले आयरिश आले. मॅसॅच्युसेट्समध्ये दहा तासांचा कायदा झाला १८७४ मध्ये.

१८६१ मध्ये गृहयुद्ध पेटलं आणि दक्षिणेचा कापूस अडला. लोवेलच्या बहुतेक कंपन्यांनी गिरण्या चालू ठेवण्याऐवजी गोदामातला कापूस चढ्या भावानं विकून टाकला आणि सुमारे दहा हजार कामगार घरी बसवले. त्याच वेळी मुंबईत कापसाचे भाव आभाळाला भिडत होते. खानदेश-वऱ्हाडचा माल बंदरात यायच्या आधीच त्याचे सौदे होत होते, आणि आलेला पैसा समुद्र भरून जमीन करणाऱ्या बॅक बे कंपनीच्या शेअरांत ओतला जात होता. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आला, ती बातमी पोचली आणि मुंबईतल्या पेढ्या एकामागोमाग बसल्या.